न दुखणारे दुखणे

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हे तालुक्याचे गाव लागते. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे येतात. किराणा, कापडचोपड घेतात, तहसील कचेरीतील रखडलेल्या कामाची चौकशी करतात आणि वेळ उरलाच तर ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी डॉक्टरकडे जाऊन येतात. कोणते दुखणे डॉक्टरला दाखवावे आणि कोणते दाखवू नये, याविषयी या माणसांचा एक अलिखित नियम आहे. जे सोसवत नाही ते दाखवावे, जे सोसवते ते अंगावर काढावे. हा नियम केवळ चाकूरचा नाही, साऱ्या मराठवाड्याचा आहे. आणि तो निव्वळ अडाणीपणातून आला आहे असेही नाही. ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली की घरची चूल अडते, ज्याला दवाखान्यात जाताना सोबत आणखी एक माणूस न्यावा लागतो आणि त्याचीही मजुरी बुडते, त्याने वेदनेला प्रमाण मानून खर्चाचा क्रम लावला तर त्याला दोष देता येत नाही. ताप, पोटशूळ, मोडलेला हात अशा प्रसंगी हा नियम बऱ्यापैकी उपयोगीही पडतो.

तोंडाच्या आणि जबड्याच्या रोगांपुढे मात्र तो साफ उलटा पडतो. दाढ किडली की ठणका मस्तकात जातो, रात्र बसून काढावी लागते आणि दुसऱ्या दिवशी माणूस मुकाट्याने दंतवैद्याची पायरी चढतो. वस्तुतः या दुखण्याचा उपचार बहुधा साधा असतो. याउलट गालाच्या आतील बाजूस उमटलेला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेला पडलेला आणि भरून न येणारा व्रण, दिवसेंदिवस कमी उघडू लागलेले तोंड यांपैकी कशातही आरंभी फारशी वेदना नसते. जे अधिक दुखते ते कमी घातक आणि जे दुखत नाही ते जीवघेणे, असा हा विपरीत न्याय आहे. मुखशल्यचिकित्सकाकडे केव्हा जावे हा प्रश्न त्यामुळे निव्वळ वैद्यकीय राहत नाही. लोकांच्या मनातील एक जुना, व्यवहारी आणि इतर ठिकाणी उपयुक्त ठरलेला नियम बदलण्याचा तो प्रश्न आहे.

आकड्यांची साक्ष

हा प्रश्न किती मोठा आहे हे दोन आकड्यांवरून ध्यानात यावे. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के; तंबाखू चघळणारे, दाढेत धरणारे किंवा मिश्रीच्या रूपाने हिरड्यांना लावणारे तब्बल २४.४ टक्के. म्हणजे या राज्यात तंबाखूचा मुख्य आघात फुप्फुसावर नव्हे, तोंडावर होतो. दुसरा आकडा देशाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे या रोगाने दगावली. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत या रोगाचा क्रमांक पहिला आहे.

या आकड्यांमागील खरी शोकांतिका निराळीच आहे. पोटातील वा यकृतातील रोग दृष्टीआड वाढतो. तो उशिरा कळला तर नशिबाला बोल लावता येतो. तोंडाचे तसे नाही. आरसा आणि उजेड एवढ्या साधनांनिशी ज्याच्या आत पाहता येते असा शरीराचा हा बहुधा एकमेव भाग. तरीही या देशात निम्म्याहून अधिक रुग्ण रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावरच शल्यचिकित्सकापुढे येतात. पहिल्या अवस्थेत उपचार झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पाच वर्षांनंतरही हिंडतीफिरती असतात. रोग जबड्यात आणि मानेच्या गाठींत उतरल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या बरेच खाली येते. उपचाराचे स्वरूपही पालटते. आरंभी जो चट्टा थोडक्या शस्त्रक्रियेने निघाला असता, त्यासाठी पुढे जबड्याचा भाग काढावा लागतो, किरणोपचार घ्यावे लागतात. वाचलेल्या माणसाचे बोलणे, गिळणे आणि चारचौघांतील वावर कायमचा बदलतो. घरचा कर्ता माणूस वर्षभर अंथरुणाला खिळतो आणि शेताचा तुकडा गहाण पडतो, तो वेगळाच.

या रोगाला मोठेपणाची वा ज्ञानाची भीड नसते. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दीर्घकाळ ते सार्वजनिक जीवनात वावरले आणि आपल्या जुन्या सवयीची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. ग्रामस्वच्छतेच्या अभियानामुळे खेडोपाडी पोचलेले आर. आर. पाटील याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी गेले. दोन व्यक्तींच्या आजारांची तुलना करून कोणी काय करावयास हवे होते हे सांगणे अनुचित होय. परंतु दोन्ही घटनांनी महाराष्ट्राच्या घराघरांत या रोगाची चर्चा झाली. त्या चर्चेतून किती जणांनी आरशापुढे उभे राहून स्वतःचे तोंड पाहिले, हा प्रश्न मात्र उरतोच.

‘तोंड आले’ म्हणजे काय?

तोंडात व्रण पडला की मराठी माणूस ‘तोंड आले’ म्हणतो, उष्णतेला दोष देतो आणि गुलकंद, सब्जा किंवा दुकानातून आणलेले मलम यांवर विसंबतो. बहुतेक वेळा तो चुकत नाही. साधे तोंड आलेले आठ-दहा दिवसांत, फार तर पंधरवड्यात बरे होते. ते चांगलेच झोंबते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रश्न निर्माण होतो तो बरे न होणाऱ्या व्रणाचा. म्हणून वैद्यकाने घालून दिलेली मर्यादा अगदी सोपी आहे. तोंडातील कोणताही व्रण, चट्टा वा वाढ पंधरा दिवसांत गेली नाही, तर ती घरगुती उपचारांची बाब राहत नाही. ती जाणकार डॉक्टरच्या नजरेखाली गेलीच पाहिजे. वेदना आहे की नाही हा निकष येथे गैरलागू आहे. निकष काळाचा आहे.

या एका नियमाच्या जोडीला आणखी काही लक्षणे जाणून घ्यावीत. गाल, जीभ, टाळू किंवा हिरडीवर पुसून न निघणारा पांढरा चट्टा. त्याहूनही अधिक संशयास्पद असा मखमली लाल चट्टा. हिरड्यांचा आजार नसताना एखादाच दात हलू लागणे. दात काढल्यावर आठवडे लोटले तरी खळगा भरून न येणे. खालच्या ओठाला वा हनुवटीला कारणावाचून बधिरता येणे. गळ्याला किंवा जबड्याखाली कठीण, न दुखणारी गाठ लागणे. पूर्वी नीट बसणारी कवळी अकस्मात टोचू लागणे. आवाज बदलणे किंवा घास गिळताना अडखळणे. यांतील प्रत्येक लक्षण म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. पुष्कळदा कारण साधे निघते. परंतु ते साधे आहे हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाकडे, शेजाऱ्याकडे वा औषधाच्या दुकानदाराकडे नसतो.

तीन बोटांची परीक्षा

मराठवाड्यातील तरुणांपुढे आणखी एक संकट आहे, आणि ते पन्नाशीची वाट पाहत नाही. सुपारी, मावा वा गुटखा यांच्या नित्य सेवनाने गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू राठ आणि पांढुरके होत जाते. आधी तिखट सोसत नाही. जेवताना आग होते. मग गाल आतून ताठर दोरीसारखे लागतात आणि तोंड उघडण्याचे प्रमाण घटत जाते. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची पहिली नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुपारीतील द्रव्यांमुळे अस्तराखाली तंतू साचत जातात आणि एकदा साचलेले तंतू सहसा विरघळत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच जणांना पुढे कर्करोग झाला. हे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. नुसती सुपारीही, तंबाखूवाचून, माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. तेव्हा ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ हे समर्थन आता टिकण्यासारखे नाही.

या विकाराची घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. आपल्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालून पाहावी. निरोगी प्रौढाच्या तोंडात ती बहुधा सहज जातात. दोनच जात असतील, किंवा मागील वर्षी तीन जात होती आणि आता जात नसतील, तर विलंब करू नये. या अवस्थेत सवय सुटली आणि उपचार सुरू झाले तर रोगाची वाढ थोपवता येते. एक बोटही जाईनासे झाल्यावर शस्त्रक्रियेवाचून मार्ग राहत नाही. आणि तोंड उघडतच नसेल तर आत वाढणारा दुसरा रोग डॉक्टरलाही नीट दिसत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला परीक्षेचे पुष्कळ प्रकार ठाऊक असतात. ही एक परीक्षा त्याने महिन्यातून एकदा स्वतःच घ्यावी.

जेथे तासांचा हिशेब असतो

पंधरा दिवस थांबण्याची मुभा सर्वच लक्षणांना नाही. काही दुखणी अशी असतात की तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो. खालच्या किडलेल्या दाढेतून पसरलेला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरला की गळ्याची पुढची बाजू फुगते, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळवत नाही आणि श्वास कोंडू लागतो. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके आणि वेळीच केलेली शस्त्रक्रिया यांमुळे आज तीतून माणूस वाचतो. परंतु सूज शेकत घरी बसलेला माणूस वाचेलच अशी खात्री देता येत नाही. दाढेच्या दुखण्यासोबत ताप, गळ्याकडे वा डोळ्याकडे सरकणारी सूज, तोंड न उघडणे किंवा गिळण्यास-श्वासास त्रास यांपैकी काहीही दिसले, तर सकाळच्या एस. टी.ची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठले पाहिजे. मधुमेही माणसाने तर अधिकच सावध राहावे.

अपघाताचेही तसेच. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचे हातपाय शाबूत दिसले की नातेवाइकांना हायसे वाटते. परंतु त्याचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, तोंड उघडताना जबडा एका बाजूला ओढला जात असेल, खालचा ओठ बधिर झाला असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर चेहऱ्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. हनुवटीवर पडलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हा संशय विशेष महत्त्वाचा होय. कारण कानाजवळचा सांधा दुखावला आणि दुर्लक्षित राहिला, तर पुढे तो सांधा जखडून जबड्याची वाढ खुंटू शकते. शाळेच्या मैदानावर एखाद्या मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाकडून न धरता, न घासता, दुधात बुडवून मुलासह जवळच्या दंतवैद्याकडे न्यावा. तास-अर्ध्या तासात पोचल्यास तो दात पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या दोन ओळींना जागा मिळावयास हरकत नसावी.

प्रत्येक दातासाठी नव्हे

याचा अर्थ दाताच्या प्रत्येक तक्रारीसाठी शल्यचिकित्सकाचा शोध घ्यावा असा नव्हे. कीड, हिरड्यांतून येणारे रक्त, दातांवरील कीट, कवळी ही सारी कामे नेहमीच्या दंतवैद्याची होत. अक्कलदाढ आडवी उगवली असेल, तिच्यावरील हिरडी वारंवार सुजत असेल, तिच्यामुळे शेजारची दाढ किडत असेल किंवा तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरली असेल, तर ती काढण्यासाठी शल्यचिकित्सक लागतो. परंतु कसलाही त्रास न देणारी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे मार्गदर्शन ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्थेने २००० सालीच केले आहे. तेव्हा जेथे गरज नाही तेथे शस्त्र चालवू पाहणाऱ्यालाही रुग्णाने शांतपणे ‘का?’ असे विचारावे. लवकर जाणे आणि उगाच जाणे यांतील फरक कळणे, हेच खरे आरोग्यशिक्षण होय.

मुखशल्यचिकित्सक म्हणजे नेमका कोण, याविषयीही सुशिक्षितांत संभ्रम आढळतो. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर तोंड, जबडा आणि चेहरा यांच्या शस्त्रक्रियेचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करणारा तो तज्ज्ञ. बाजारात बसून चिमट्याने दात उपटणारा आणि हा तज्ज्ञ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तालुक्याच्या गावी तो नेहमी असेलच असे नाही. पण चाकूरकराला त्यासाठी मुंबई गाठावी लागते असेही नाही. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. अंतर आता पूर्वीइतके आड येत नाही. आड येते ती भीती.

भीतीचे अर्थशास्त्र

या भीतीचे स्वरूप समजून घेतल्यावाचून उपदेश करणे व्यर्थ होय. ‘तुकडा काढला की रोग भडकतो’ ही समजूत शिकलेल्या घरांतूनही ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की तपासणीसाठी काढलेला तांदळाएवढा तुकडा हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. त्यामुळे तोंडाचा कर्करोग पसरतो हे खरे नाही. मग ही समजूत रुजली कशी? तुकडा काढण्याची वेळ येईतो रोग बहुधा इतका पुढे गेलेला असतो की त्यानंतर काही महिन्यांतच रुग्ण दगावतो आणि लोक विलंबाचा दोष सुईच्या माथी मारतात. म्हणजे उशिरा जाण्यातून अपयश आणि अपयशातून पुन्हा उशिरा जाण्याची वृत्ती, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडावयाचे तर लवकर जाऊन बरी झालेली माणसे गावात दिसली पाहिजेत.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. मिश्री लावणे हे व्यसन मानलेच जात नाही. ती दात घासण्याची रीत समजली जाते. तोंडातील चट्टा सासूला वा नवऱ्याला सांगावा तर सवयीची चर्चा होणार, आणि दवाखान्याचे नाव काढावे तर शेतातील काम अडणार. त्यामुळे तिचा व्रण पुरुषाच्या व्रणापेक्षाही अधिक काळ पदराआड राहतो. खर्चाची भीती खरी आहे, पण तिला आता काही उत्तर उपलब्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा आणि तिचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन प्रथम त्याला भेटावे. ही माहिती गावात ज्याला असते तो बहुधा शिक्षक किंवा कारकून असतो. ती त्याच्यापाशीच राहिली तर योजना असूनही नसल्यासारखी होते.

बार्शीचा धडा

लोकांची वागणूक बदलत नाही, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी शेजारच्या बार्शीकडे पाहावे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबरच मराठवाड्यातील भूम आणि परंडा तालुक्यांची खेडी तिच्या कक्षेत होती. कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना रुग्णालयात येण्यास प्रवृत्त केले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या. संशोधकांनी हे १९९५ साली सप्रमाण मांडले. तेथे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. होता तो केवळ संवाद.

तोंडाच्या कर्करोगाबाबत याहून थेट पुरावा केरळने दिला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील तेरा पंचायतींत १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विजेरीच्या उजेडात माणसांची तोंडे तपासली आणि संशयितांना पुढे पाठवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्याची सवय असणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तपासणाऱ्याजवळ डोळा होता, विजेरी होती आणि काय शोधावयाचे याचे ज्ञान होते. चाकूरच्या कोणत्याही खेड्यात यांपैकी अशक्य असे काय आहे?

बंदीच्या पलीकडे

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा आली आणि २०१३ साली सुगंधित तंबाखू व सुपारीपर्यंत वाढवण्यात आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तथापि बंदीनंतरही गुटख्याचे साठे पकडल्याच्या बातम्या येतच राहिल्या आणि पानमसाला व तंबाखू यांच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन त्या तळहातावर एक करण्याची युक्ती ग्राहकाने केव्हाच आत्मसात केली. शिवाय बंदी कितीही कडक झाली तरी ती उद्याच्या रुग्णासाठी आहे. गेली वीस वर्षे ज्याने तंबाखू दाढेत धरली, त्याच्या तोंडातील चट्ट्याला बंदीचा आदेश वाचता येत नाही. त्याला हवी आहे ती तपासणी, आणि तीही आज.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर उत्तम आहे. आशा कार्यकर्तीच्या हाती दिलेल्या छापील पत्रकात तोंड उघडण्यास त्रास होतो काय, पंधरा दिवसांत बरा न झालेला व्रण आहे काय, हे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलेले आहेत. पण पत्रक भरणे आणि तोंड पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशयित ठरलेला माणूस पुढच्या रुग्णालयात पोचला की नाही, तेथे त्याचा तुकडा तपासला गेला की नाही, निदानाचे उत्तर त्याला कळले की नाही, याचा माग ठेवला नाही तर तपासणीचे आकडे फुगतात आणि मृत्यूंचे आकडे तसेच राहतात. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातील एक ठरावीक दिवस, शक्यतो बाजाराचा, मुखतपासणीसाठी राखून ठेवावा. दंत महाविद्यालयातील तज्ज्ञ त्या दिवशी तेथे यावेत. तुकडा तेथेच काढला जावा आणि तपासणीसाठी शहरात रुग्ण नव्हे, तर नमुना जावा. ज्याची मजुरी बुडू नये असे वाटते त्याच्यासाठी एवढी सोय करणे कोणत्याही शासनाला जड जाऊ नये.

उरतो तो समाजाचा वाटा. मुख्याध्यापकाने वर्षातून दोनदा दहावी-बारावीच्या वर्गात तीन बोटांची परीक्षा घ्यावी आणि जे विद्यार्थी तीत मागे पडतील त्यांना खडसावण्याऐवजी त्यांच्या पालकांना बोलावून दवाखान्याची वाट दाखवावी. कचेरीतील कारकुनाने शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या गालातील तंबाखूवर विनोद करण्यापेक्षा एकदा त्याला तोंड उघडावयास सांगावे. सवय सोडू इच्छिणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या आणि कचेरीच्या फलकावर लिहिलेला असावा. विद्यार्थ्याने सुटीत गावी गेल्यावर आजीच्या मिश्रीची थट्टा करून थांबू नये. तिच्या हिरड्या एकदा उजेडात पाहाव्यात.

जे सोसवत नाही ते दाखवावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम मोडून काढण्याची गरज नाही. त्याला एक पुरवणी जोडली म्हणजे पुरे. तोंडातील जे पंधरा दिवसांत जात नाही ते, दुखो वा न दुखो, दाखवावे. ही पुरवणी शिकवण्यास अनुदान लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. चाकूरच्या बाजारात लोक हरभऱ्याचा दाणा दाताखाली धरून पारखतात आणि पारखल्यावाचून दाम मोजत नाहीत. ज्या तोंडाने ही पारख होते त्या तोंडाकडेही तितक्याच चोखंदळ नजरेने पाहण्याची सवय त्यांना लागली, तर पुष्कळ घरांतील कर्ती माणसे घरातच राहतील.